बिनगळतीचा वाफा

शालननं लग्नाआधीच ठरवलं होतं, की आपण नवऱ्याला 'अहो' म्हणायचं नाही. सरळ नावानं हाक मारायची. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीनं भिंतीकडं बघत 'अहो, ऐकलं का' म्हणायचं म्हणजे चार वर्षांचं शिक्षण पाण्यात. आईनं कपाळाला हात लावला, काकानं तोंड फिरवलं, आत्या तर त्या दिवशी जेवलीच नाही. (रात्री उठून डब्यातले लाडू खाल्ले, ते वेगळं.) शालन ठाम राहिली. लग्न होऊन ती कासारवाडीला आली आणि मग तिच्या लक्षात आलं, की नवऱ्याला नावानं हाक मारायची तर तो आधी जागा सापडायला हवा.

बबन पिंपरीच्या एका कंपनीत ग्राइंडिंग खात्यात होता. पाळ्या फिरत्या. रात्रपाळी करून तो सायकलवरून घरी पोचायचा, तेव्हा शालनची लोकल दापोडी ओलांडून पुण्याकडं निघालेली असायची. ती तिथं एका सरकारी कचेरीत कारकून होती. दुसऱ्या पाळीत ती घरी यायची तर तो गेलेला, आणि तो यायचा तर ती झोपलेली. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तरी संध्याकाळ हाती लागावी, तर कंपनीला नेमका तेव्हाच ओव्हरटाइम सुचायचा, आणि ओव्हरटाइम करून आलेला माणूस घास हातात धरूनच डुलक्या घेतो. राहिली सुट्टी. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून कारखान्यांच्या या सबंध पट्ट्याला सुट्टी गुरुवारची. सरकारी कचेरीला रविवारची. सण आलाच तर पाहुणे यायचे.

संध्याकाळी घरी आल्यावर तिला नवरा असल्याच्या खुणा तेवढ्या मिळत. दांडीवर ओला टॉवेल. दारामागं काळी पडलेली शर्टाची कॉलर. उशीला पडलेला डोक्याचा खड्डा. तो खड्डा ती हातानं सपाट करायची आणि त्याच उशीवर स्वतःचा खड्डा पाडून झोपायची. सकाळी तो हिचा खड्डा सपाट करत असणार. दोन माणसांनी एक उशी वापरण्याला संसार म्हणत असतील, तर त्यांचा संसार अगदी उत्तम चालला होता.

घरात तिसरं माणूस होतं, आणि ते मात्र कायम जागं असायचं. सासरे, दत्तोबा. चाकणच्या बाजूला त्यांची कांद्याची शेती. बायको गेल्यावर शेती धाकट्याकडं सोपवून ते या दोन खोल्यांत येऊन राहिले होते, आणि येताना कांद्याचं बी धोतराच्या सोग्याला गाठ मारून घेऊन आले होते. का, ते कुणी विचारलं नव्हतं. वडीलधाऱ्यांना न विचारता सांगण्याची सवय असते, त्यामुळं त्यांना विचारायची सवय कुणालाच राहत नाही. दत्तोबा सकाळपासून रेडिओला, भिंतीला, पलीकडून जाणाऱ्या मालगाडीला काही ना काही सांगत असायचे. शालन आली की तिला.

"सूनबाई, कुकरात वरण आळनी व्हतं."

"मामंजी, तुम्ही मीठ खायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरला काय कळतंय? पोरगं हाय त्ये."

शालनला हे ऐकलं की आग लागायची. जगातली प्रत्येक कळती व्यक्ती दत्तोबांच्या लेखी पोरगं होती, आणि न कळती व्यक्ती एकच, ती म्हणजे सून.

तर एका रविवारी, पहिली पाळी आणि ओव्हरटाइम दोन्ही आटोपून आलेल्या बबननं जेवताना खिशातून एक कागदी पुडी काढली.

"हाइन्झ साहेबानं दिलीय," तो म्हणाला. हाइन्झ साहेब म्हणजे नवीन मशीन बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर. "माझा घसा बसला होता ना धुळीनं? त्यानं त्याच्या थर्मासमधला पाला उकळलेला चहा पाजला. घसा सुटला. मी म्हटलं, साहेब, झकास. तर त्यानं बीच दिलं. म्हणाला, लाव घरी."

पुडीवरचं जर्मन कुणाला वाचता येणार? पण चित्राखाली बारीक अक्षरांत लॅटिन नाव होतं, आणि शालनच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

"साल्व्हिया ऑफिसिनॅलिस! अहो, हा सेज!" (गडबडीत तोंडून 'अहो' निघून गेलं. तिनं ते मोजलं नाही.) "तुळशीच्याच कुळातला. चौकोनी खोड, समोरासमोर पानं. आम्हाला परीक्षेला होता."

"पाहिलायस तू?"

"परीक्षेला होता म्हटलं ना."

दत्तोबा सरकून जवळ आले. "भाजी करत्यात का त्येची?"

"नाही."

"देवाला वाहत्यात?"

"नाही."

"मंग जनावर तरी खातं का?"

"मामंजी, औषधी आहे ती!"

"म्हंजी कुनीच खात न्हाई," दत्तोबांनी निकाल दिला आणि ते परत रेडिओकडं सरकले.

बबननं आवाज खाली आणला. "साहेब आणखी एक बोललाय. उगवलं की पहिलं पान मला आणून दाखव. मग तुला पाहिजे त्या रविवारची सुट्टी मी स्वतः सही करून देतो. कारण विचारणार नाही."

शालनचा हात भातातच थांबला. सबंध रविवार. कंपनीत एरवी कारण लागायचं, आणि कारणं तीनच चालत: ताप, लग्न, मयत. 'बायकोशी बोलायचंय' हे कारण आजवर कुणी दिलेलं नव्हतं आणि बबन ते देणारा पहिला माणूस होणार नव्हता. तिच्या कचेरीत तिनं गुरुवारची रजा एकदा मागून पाहिली होती, तर हेडक्लार्क म्हणाले होते, "लग्न तर झालं ना? मग आता कशाला रजा?" (त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्यांना खरंच कळत नव्हतं.)

"सबंध दिवस?" तिनं विचारलं.

"सबंध," बबन म्हणाला, आणि ताटावरच पेंगला.

त्या दिवसापासून शालनला दुसरं काही सुचेना. बी उगवायचं, पान यायचं, रविवार मिळायचा. त्या रविवारी काय काय बोलायचं, ते तिनं लोकलमध्ये उभ्या उभ्या मनात रचायला घेतलं. हेडक्लार्कची नक्कल. कॉलेजातल्या नाटकात ती राणी झाली आणि मुकुट पडला, ती गोष्ट. आपण घरी आल्यावर दिव्याचं बटण दाबतो, तेव्हा रोज क्षणभर वाटतं की आज कुणीतरी ते आधीच दाबलेलं असेल, हे. हे सांगायचं की नाही, ते अजून ठरत नव्हतं.

बी पेरायला बबननं कंपनीच्या भंगारातून पत्र्याचा एक ट्रे आणला. वीतभर खोल, कडेनं सुबक वेल्डिंग केलेला. "स्वतः तपासलाय," तो छाती काढून म्हणाला. "एक थेंब गळायचा नाही." शालननं शास्त्रशुद्ध माती कालवली, काळी आणि शेणखत, मापानं. बी रात्रभर भिजवलं. मोहरीएवढे ते दाणे सकाळी सब्ज्यासारखे बुळबुळीत झाले होते. मग तिनं ते ओळीनं पेरले, ट्रे मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीशी ठेवला आणि जाहीर केलं, "याला कुणी हात लावायचा नाही. पाणी मी घालणार. संध्याकाळी, बेतानं. हे शास्त्राचं काम आहे."

"कांद्याचं रोप टाकताना आमी..." दत्तोबांनी सुरुवात केली.

"मामंजी, हा कांदा नाही!"

दत्तोबा गप्प बसले. ते गप्प बसणं शालनला विजयासारखं वाटलं. खरं म्हणजे तिथंच तिनं सावध व्हायला हवं होतं.

दिवस गेले. माती काळी ती काळीच. शालन संध्याकाळी कंदील घेऊन ट्रेवर वाकायची, बोटानं माती चाचपायची आणि ती नेहमी ओली लागायची. सकाळपासून पाणी नाही, वर ऊन, तरी ओली! दुसरी एखादी बाई चक्रावली असती. शालननं मात्र शास्त्रीय खुलासा काढला: काळ्या मातीची जलधारणक्षमता. पुस्तकात होतीच. पुस्तकातली गोष्ट अंगणात दिसल्याचा तिला इतका आनंद झाला, की त्या आनंदात तिनं आणखी तांब्याभर पाणी घातलं.

मग एका संध्याकाळी ट्रेवर हिरवं दिसलं. तिनं आनंदानं ओरडून दत्तोबांना बोलावलं. दत्तोबांनी वाकून पाहिलं, नखानं खरवडलं.

"शेवाळ हाय."

"सुरुवातीला तसंच दिसतं."

पुढच्या आठवड्यात एक छत्री उगवली, पांढरीफटक, कुत्र्याच्या छत्रीसारखी. (होतीच ती कुत्र्याची छत्री.) त्यानंतर एक बेडूक राहायला आला. शालननं त्याला हाकललं नाही. किडे खाईल, तिनं मनाशी म्हटलं. आणि दुसरं, जे मनाशीसुद्धा म्हटलं नाही, ते असं, की संध्याकाळी दार उघडल्यावर तो निदान तिच्याकडं बघायचा.

घरात डासही फार झाले होते त्या दिवसांत. सगळ्या पट्ट्यातच मलेरियाची साथ होती. शालन कासवछाप लावायची आणि नगरपालिकेच्या नावानं बोटं मोडायची.

मग एका सकाळी खडकीच्या अलीकडं काहीतरी बिघडलं आणि लोकल रद्द झाली. कासारवाडी स्टेशनावर बरीच उभी राहून शालन घरी परतली. या वेळेला आपलं घर कसं दिसतं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. मागून आवाज येत होता. कुणीतरी बोलत होतं. सलग, मोकळेपणानं, मधेच हसत.

तिनं दारातून पाहिलं. रात्रपाळीहून आलेला बबन, अंगावर अजून कंपनीचा निळा शर्ट, उकिडवा बसून ट्रेमध्ये कोमट पाण्याचा तांब्या ओतत होता आणि ट्रेशी बोलत होता.

"...तर फोरमन म्हणतो, बबनराव, हसता काय? मी म्हटलं, साहेब, बेल्ट उलटा लावलाय तुम्ही. सगळं खातं हसलं. हे तिला सांगायचंय रे, राहूनच जातंय. झोपलेली असते. आणि उठवावं, तर वाटतं, थकली असेल. ऊग की बाबा लवकर. जर्मन आहेस, तुला वक्तशीरपणा शिकवला नाही काय?"

शालनला कळेना, रागवावं की रडावं. एवढी सलग वाक्यं नवऱ्याच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकली होती, आणि तीही बेडकासोबत वाटून घ्यावी लागत होती.

तेवढ्यात न्हाणीच्या बाजूनं दत्तोबा आले. हातात बादली. बबनला बघून थबकले, शालनला बघून बादली पाठीमागं लपवायला गेले, आणि निम्मं पाणी त्यांच्याच धोतरावर सांडलं.

"मामंजी! तुम्हीही?"

"रोपाला पानी लागतंय, सूनबाई. तू चमच्यानं घालतीस. आमी दुपारचं जरा दाबून घालतो."

"दुपारचं?" बबन उठला. "बापू, मी सकाळी घालतो की!"

"आणि मी संध्याकाळी!" शालन किंचाळली. "तीन पाळ्या! तुम्ही या बियांना तीन पाळ्यांत पाणी घातलंत?"

"तू काय सांगितलं व्हतंस का, कवा घालतीस त्ये?" दत्तोबा उसळले. "या घरात कोन कुनाला काय सांगतंय? मी रेडिओशी बोलतो, ह्यो पत्र्याशी बोलतोय, आन् तू बेडकाशी!"

(तिला वाटलं होतं, ते कुणी ऐकत नाही.)

पुढं काय झालं असतं कोण जाणे, पण पुढच्या दारावर थाप पडली. नगरपालिकेचा मलेरियावाला होता. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च. तो हंडे बघत, माठ हुंगत थेट मागं आला आणि ट्रेपाशी वाकला. त्याचा चेहरा एकदम खुलला. मातीवर साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या, टॉर्चच्या उजेडात वळवळणाऱ्या, भरगच्च.

"ताई, तुम्ही हे पाळलंय काय?"

"बी पेरलंय! औषधी आहे!"

"औषध मी देतो," असं म्हणत त्यानं ट्रे उचलून भिंतीशी पालथा केला. चिखल भसकन खाली आला, बेडूक न्हाणीत गेला. ट्रेचं बूड उन्हात लखलखलं. सुंदर, अखंड. शालन त्या बुडाकडं बघतच राहिली. पाणी निचरून जायला खाली भोक असावं लागतं, हे तिनं प्रथम श्रेणीत पास होताना दोन पानं भरून लिहिलं होतं. आकृतीसह.

"म्हटलं होतं ना," बबन हळूच म्हणाला, "एक थेंब गळायचा नाही."

आठवडा झाला नाही, तोच बबनला थंडी वाजून ताप आला. मलेरिया. कंपनीच्या डॉक्टरनं पाहिलं, आणि ज्या सुट्टीसाठी एवढी जिवाची धडपड केली, ती कुणी एक शब्द न विचारता देऊन टाकली. एक रविवार नव्हे, चांगले सलग दिवस. नवऱ्याचं आजारपण म्हटल्यावर हेडक्लार्कनीही शालनला दोन दिवस दिले. ती उशाशी बसली. घरात जितकी पांघरुणं होती तितकी बबनवर होती, आणि वरून खाट हलत होती.

तिनं लोकलमध्ये रचलेलं सगळं सांगितलं. हेडक्लार्क सांगितले. मुकुट सांगितला. दिव्याच्या बटणाचंही सांगून टाकलं.

"ऐकतोयस ना?"

"ह-ह-ह-हो," बबन म्हणाला. बराच वेळ दात वाजले. मग तो म्हणाला, "ब-बेल्ट उलटा लावलाय, साहेब."

बबन उठला, कामावर गेला. ज्या दिवशी तो गेला, त्याच सकाळी कासारवाडीच्या प्लॅटफॉर्मवर शालनला भर उन्हात थंडी वाजू लागली. आता ती घरी आणि तो कंपनीत. एक दिवसाआड ताप. आधल्या दिवशी कडू गोळ्या, दुसऱ्या दिवशी कापरं. पण त्यातही तिला एक सुख दिसत होतं: येणारा गुरुवार. तो बिनतापाचा निघत होता. ती घरी, बबनला सुट्टी. असं आजवर झालंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी बबन डबा बांधत होता.

"आज सुट्टी ना?"

"आजारपणात पाळ्या बुडाल्या. सगळ्या खात्याचंच काम अडलंय, जनरेटर लावून भरून द्यायचंय. संध्याकाळी येतो." तो दारात थांबला. काहीतरी बोलणार होता. मग भोंगा झाला आणि सायकल निघाली.

दुपारी ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. चाहूल लागली, तर दत्तोबा दोन कप घेऊन उभे. साधा चहा, आलं घातलेला, वर तरंगणारी चहाची पूड.

"घे. गाळनं काय सापडलं न्हाई."

ते खाटेशी जमिनीवर बसले. तिनं घोट घेतला. आणि दत्तोबांनी तिला कांद्याविषयी सांगायला सुरुवात केली. रोप कसं टाकायचं, पात केव्हा मान टाकते, साठवणीच्या चाळीत कांदा कसा श्वास घेतो, त्यांची बायको कसं बी निवडायची, ते सुपात पाखडताना काय गुणगुणायची. ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं, तरी ते सांगतच होते. शालनला सुट्टी हवी होती, चहा हवा होता, बोलणारं माणूस हवं होतं. तिन्ही मिळालं होतं. फक्त माणूस सत्तरीचं होतं आणि विषय कांदा होता.

"पोरी," ते मधेच म्हणाले, "चालवतंय का? मागं चल जरा."

भिंतीशी मलेरियावाल्यानं ओतलेला चिखल वाळून त्याचा ढीग झाला होता. त्या ढिगातून हिरवं वर आलं होतं. सुईएवढं बारीक, टोकाशी वाकून परत मातीत खुपसलेलं, केसात घालायच्या आकड्यासारखं. पुष्कळ होतं.

"त्ये तुजं जर्मन, त्ये ह्येच न्हवं?" दत्तोबांनी रेल्वेलाइनीकडं बघत विचारलं.

शालननं वाकून पाहिलं. चौकोनी खोड नाही. समोरासमोर पानं नाहीत. एकदल. पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलचं एकदल. मग तिनं दत्तोबांच्या धोतराकडं पाहिलं. सोग्याची गाठ सुटलेली होती. कापडाला चुण्या तेवढ्या राहिल्या होत्या.

एक मालगाडी येऊन गेली.

"हो मामंजी," मग ती म्हणाली. वनस्पतिशास्त्र, प्रथम श्रेणी. "हेच ते. सेज."

"मंग झालं," दत्तोबा म्हणाले.

संध्याकाळी सायकल वाजली, तशी ती पांघरूण गुंडाळून दारात उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं सबंध आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली. "बबन! ए बबन! उगवलं! पान घेऊन जा उद्या साहेबाला!"

बबन धावत मागं आला. डबा हातातच. तो ढिगाशी उकिडवा बसला. एक कोंब खुडला, बोटांत चुरगाळला, नाकाशी नेला. मागं दत्तोबा खाकरले.

"पहिली पानं अशीच असतात," शालन घाईनं म्हणाली. "पुस्तकात आहे. नंतर रुंद होतात."

बबननं वर तिच्याकडं पाहिलं. फार दिवसांनी नीट, जागेपणी पाहिलं.

"शालन," तो म्हणाला, "कांदा जर्मनीतही खातात गं."